आमचं तेलातलं मशीन

माझी पुतणी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात शिरपूरला आली तेव्हा जेवता जेवता म्हणाली, "काका, आता आमच्याकडं कॉम्प्युटर गार राहावेत म्हणून तेलासारख्या द्रवात बुडवून ठेवतात. आख्खेच्या आख्खे, आणि चालू."

माझा घास हातातच राहिला. पहिला प्रश्न आपोआप तोंडातून गेला, "वायरी कडक नाई होत काय त्याच्यात?"

मी थांबलो नाही. "आन् रबर? रबर फुगते का नाई? आन् तेल वायरीतून चढून भायेर येते का?"

तिनं ताट बाजूला सारलं आणि पोट धरून हसायला लागली. तिचं कामच ते निघालं. त्या द्रवात कोणता माल टिकतो, कोणता विरघळतो, कोणता फुगून बसतो, हे महिनोन्‌महिने तपासत बसायचं. त्यासाठी तिला पगार मिळतो. मला त्यासाठी बायकोच्या शिव्या मिळाल्या होत्या. पण आपल्याच जातीचं वेड लागलेलं माणूस आपल्याच घरात जेवायला बसलंय, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. तिच्याच आग्रहावरून हे लिहितो आहे.

मी साऊंडवाला. सत्तरच्या दशकात शिरपूरच्या एस.टी. स्टँडाजवळ माझं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, वाशिम जिल्हा पुष्कळ पुढं झाला. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो की कुस्त्या असोत, भोंग्याशिवाय कार्यक्रम झाला असं कोणी मानत नसे. काही ठिकाणी तर आधी भोंगा ठरायचा आणि मग नवरी.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस माईकमध्ये बोलतो. माईक त्या आवाजाची अगदी बारीक वीज करतो. ती वीज मशीनमध्ये जाते, तिथं मोठी होते आणि भोंग्यातून पुन्हा आवाज होऊन गावभर पसरते. अॅम्प्लिफायर हा शब्द आम्ही फक्त बिलावर लिहायचो, तोंडानं सगळे मशीनच म्हणायचे. आधीची मशीनं काचेच्या व्हॉल्व्हची होती. शेगडीएवढी मोठी, तेवढीच गरम, आणि त्यांना घरची लाईट लागायची. मग ट्रान्झिस्टरचं मशीन आलं. छोटं, हलकं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं. बैलगाडीत ठेवा आणि गाव फिरा. मी ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्याच्यावरून हात फिरवत बसलो होतो.

त्याच्यात खोड एकच होती. व्हॉल्व्ह हा मुळातच निखारा, त्याला उन्हाचं काही वाटत नाही. ट्रान्झिस्टर नाजूक घरचा. तो तापला की जास्त वीज ओढतो, जास्त ओढली की आणखी तापतो. नवरा-बायकोच्या भांडणासारखं ते वाढत वाढत जातं आणि शेवटी एकजण कायमचा गप्प होतो. आणि आमच्याकडं लग्नं, जयंती, जत्रा सगळं काही चैत्र-वैशाखातच, जेव्हा पत्र्याच्या पेटीवर कोणी पापड ठेवला तर भाजून निघेल.

त्या वर्षी जऊळक्याला चौदा एप्रिलची जयंती होती. जऊळका माझी सासुरवाडी. सासरे शाळेत गुरुजी आणि जयंती कमिटीचे अध्यक्ष. आख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मी मामाजी म्हणायचो. निळे झेंडे लावलेल्या गाडीत माझं मशीन होतं आणि काशीबाईंची गायन पार्टी बसली होती. काशीबाई दिवसभर वावरात निंदण करायच्या आणि जयंतीला गायला बसल्या की त्यांच्या आवाजानं अंगावर काटा यायचा. मिरवणूक अर्ध्या रस्त्यावर आली आणि भोंग्यातून बेडूक ओरडल्यासारखा आवाज निघाला. मग काहीच नाही. मी पेटी उघडली, फुंकर घातली, ओला फडका ठेवला. ट्रान्झिस्टर गेलेला होता.

काशीबाईंनी माईक खाली ठेवला आणि तशाच मोकळ्या गळ्यानं विहारापर्यंत गात गेल्या. तिथं पोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला होता.

मामाजी मला एवढंच म्हणाले, "जावईबापू, जेवून जा."

घरी परत येताना सुमित्रा, माझी बायको, एस.टी.त खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबानं तुमाले काई म्हटलं नाई ना, हेच लय म्हटलं."

पुढं कळलं की कमिटीनं ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी मशीन अकोल्याहून आणायचं. गावच्या जावयाचं नको. कोणी अपमान केला असता तर परवडलं असतं. त्यांनी तो सोयीचा निर्णय म्हणून घेतला होता आणि तो बरोबरच होता, हे जास्त लागलं.

आता नामदेवबद्दल सांगायला हवं. नामदेव माझा भागीदार. गाडी त्याची, बैल त्याचे, बांबू रोवून भोंगे बांधायचं कामही त्याचं. घरची थोडी शेती होती, विहिरीवर मोटारपंप होता आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर विजेची डीपी होती. डीपी म्हणजे खांबांवर बसवलेला तो करड्या रंगाचा ट्रान्सफॉर्मर. एकदा भर उन्हात आम्ही त्याच्या वावरात निंबाखाली भाकर खात बसलो होतो आणि डीपी आपली गुणगुणत होती.

मी म्हटलं, "हे दिवसभर उन्हात उभी राह्यते, जळत कशी नाई बे?"

"तिच्या पोटात तेल हाय ना," नामदेव कांदा फोडत म्हणाला. "तेल गरमी घेते अन् त्या नळ्याइतून भायेर फेकते."

"मग?"

"मग काय मग? तू बी टाक तुझ्या मशीनच्या पोटात. कायले रडून राह्यला?"

तो गंमत करत होता. पण माझी भाकर तिथंच राहिली आणि मी बांधाबांधानं घराकडं चालायला लागलो. मागून नामदेव ओरडत होता, "अबे भाकर तं खा!"

तुम्ही म्हणाल, विजेची वस्तू ओली केली की संपली. पाण्याचं ते खरं. तेलातून मात्र वीज जात नाही, म्हणूनच डीपीत ते भरतात. डीपीचं तेल माझ्याकडं नव्हतं. घरात करडीचं होतं. वनस्पती तुपाचा रिकामा चौकोनी डबा घेतला, मशीनचं सगळं पोट काढून त्यात ठेवलं आणि सुमित्रा नको नको म्हणत असताना वर तेल ओतलं. पार बुडेपर्यंत. एक-दोन बुडबुडे वर आले. मी बॅटरी जोडली.

"बोल," मी सुमित्राला म्हटलं आणि माईक तिच्यापुढं धरला.

तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मनातलं बोलली, "महिन्याचं तेल गेलं!"

भोंगा दुकानावर बांधलेलाच होता. "महिन्याचं तेल गेलं!" हे स्टँडावर उभ्या असलेल्या वाशिम गाडीतल्या सगळ्या प्रवाशांनी ऐकलं. कंडक्टर खाली उतरून आला. मी त्याला मिठी मारली. त्याची माझी ओळखही नव्हती.

डबा दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवला आणि आम्ही रेडिओ लावून मशीन चालवत राहिलो. बातम्या झाल्या, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम झाला, गाणी झाली. डब्याला हात लावला की तापलेल्या लेकराच्या अंगासारखा कोमट लागायचा, त्यापुढं जायचा नाही. मला आठवतं, मी पत्र्यावर बसून एकटाच हसत होतो आणि खालून सुमित्रा विचारत होती, "काहून हसून राह्यले? ऊन लागलं काय?"

पण तेल ते तेलच. काही आठवड्यांत ते चिकट झालं, खवट वास यायला लागला आणि एक दिवस बघतो तर मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट मशीनमध्ये. उंदरानं डब्याचं झाकण कुरतडायचा प्रयत्न केला होता. भजी तळायच्या मालात आवाज तळता येत नाही, हे कळलं. मग अकोल्याला पंपाच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखानदाराकडून डीपीचं तेल विकत आणलं. पातळ, पाण्यासारखं स्वच्छ. रेल्वेनं जऊळक्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं कॅन घेऊन आलो, तर ही बातमी माझ्याआधी शिरपुरात पोचलेली. डीपीचं तेल गुडघ्याला चोळलं की दुखणं जातं, अशी आमच्याकडं गावोगाव समजूत. दुकानापुढं म्हाताऱ्या माणसांची बैठकच भरली. कोणाच्या हातात वाटी, कोणाच्या हातात शिशी.

"मशीनले देतं अन् माणसाले नाई देत?" एक आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. मी सांगून दमलो की हे औषध नव्हे. शेवटी ती वाटीत दोन थेंब घेऊनच उठली आणि जाताना माझ्यापेक्षा चपळ चालत गेली. समजुतीचं असं आहे.

नवं तेल आलं आणि खरी गंमत सुरू झाली. मशीनमध्ये गरमीचा प्रश्न मिटला होता, आता एकेक वस्तू आपला स्वभाव दाखवायला लागली. वायर जिथून आत जाते तिथल्या भोकात रबराचं बूच असतं. ती बुचं पाण्यात टाकलेल्या चण्यासारखी टम्म फुगली आणि भोकातून बाहेर पडली. प्लास्टिकची वायर, जी कापसाच्या वातीसारखी वळायची, ती वाळल्या शेवयांसारखी कडक झाली आणि हात लावला की कथलाच्या डागाजवळ तुटायला लागली. पुतणी म्हणते, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं असतं, तेल तेवढंच नेमकं चोरून नेतं. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं, फक्त शेवया दिसत होत्या. वीज साठवणारे, मेणानं बंद केलेले कंडेन्सर होते, त्यांचं मेण विरघळून तेल ताकासारखं गढूळ झालं. आवाज कमीजास्त करायचं बटण तेलात खरखरायला लागलं, जणू काशीबाईंच्या घशात भुसा गेला.

एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडे. मग मी ठरवलं, मशीन बाजूला ठेवू आणि आधी मालच तपासू. सुमित्राच्या लोणच्याच्या बरण्या घेतल्या. प्रत्येक बरणीत तेल आणि एकेक वस्तू. एकीत रबर, एकीत प्लास्टिक, एकीत सुताची वायर, एकीत बुचाचं लाकूड, एकीत लाख लावलेला कागद. बरण्या दिवसा पत्र्यावर उन्हात, संध्याकाळी खिडकीत. सुमित्रा शेजारणींना सांगायची, "आमच्या घरी यंदा वायरीचं लोणचं हाय."

अशात मामाजी आले. माझं काय चाललंय ते बघायला आले होते, पण तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, इकडं काम होतं. सुमित्रानं भाकर, पिठलं वाढलं आणि पाणी आणायला गेली. मामाजींना लोणच्याची फार आवड. खिडकीतल्या बरणीकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी झाकण उघडलं, चमच्यानं एक काळी, तेलात निथळणारी फोड काढली आणि भाकरीच्या तुकड्यासोबत तोंडात टाकली.

मी दुकानातून आत आलो तेव्हा ते चावत होते. शांतपणे, नेटानं, गुरुजी माणसाला शोभेल असं. डोळ्यांत पाणी आलेलं.

"मामाजी, काय खाऊन राह्यले?"

"लिंबू," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. "जुनं दिसते."

"मामाजी, ते रबराचं बूच हाय."

ते चावायचे थांबले. सुमित्रा दारात तांब्या घेऊन उभी, तिच्या तोंडाला पदर. तेलाचा घासलेटासारखा वास त्यांना पहिल्याच घासाला आला होता, पण लेकीच्या घरी नाव कसं ठेवायचं म्हणून ते गिळायच्या तयारीत होते. त्यांनी बूच तोंडातून काढलं, धुतलं, चष्मा लावला आणि दाराच्या उजेडात धरून बघितलं.

"हे फुगलेलं हाय की पयलेपासून असंच होतं?"

"फुगलेलं."

"मंग हे वापरू नका," मामाजी म्हणाले आणि पिठल्याकडं वळले.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्या बरण्या एकेक करून पाहिल्या. जाताना म्हणाले, "चालू ठेवा."

रबर गेलं. त्याच्या जागी बुचाच्या लाकडाची चकती आणि स्पिरिटात विरघळवलेली लाख आली. प्लास्टिकच्या वायरी गेल्या, वॉर्निश लावलेल्या सुताच्या आल्या. ज्यांना तेल सोसत नव्हतं ती बटणं आणि ते कंडेन्सर एका वेगळ्या लाकडी डबीत डब्याबाहेर काढले. ती डबी गाणाऱ्याच्या शेजारी ठेवायची. डब्याचं झाकण डागून पक्कं बंद केलं. आता झालं, असं मला वाटलं.

मग धनजचं लग्न आलं. मोठं शेतकरी घर, वर माडी. मशीन माडीच्या गॅलरीत ठेवलं, माईक खाली मांडवात सोडला. लग्न लागलं, पंगती झाल्या आणि नवरदेवाचे मामा अहेर पुकारायला बसले. पांढरा फेटा, पांढरा सदरा, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबं ठेवावीत. त्यांना माईक मिळाला होता आणि तो ते सोडणार नव्हते. "शेलू बाजारवाल्या पाव्हण्याइकून पितळेची परात! मालेगाववाल्या आत्याबाईइकून तांब्याची घागर!"

तेल डब्यातून बाहेर यायला कुठंच वाट नव्हती, असं मी समजत होतो. पण माईकच्या वायरीत तांब्याच्या केसांची वेणी असते, आणि समईची वात तेल कशी वर ओढते ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेल वायरीच्या आतून चढलं, माडीवरून खाली उतरलं आणि सावकाश, घरच्यासारखं, माईकमधून झरायला लागलं.

मामांना वाटलं घाम आला. त्यांनी हात मिशीला पुसला. पुन्हा आला, पुन्हा पुसला. मिशा चकाकायला लागल्या. मग फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं, फेटा पिवळट झाला. मी वरून बघतोय आणि मला काही कळत नाही. तेवढ्यात माईक त्यांच्या हातातून माशासारखा सटकला आणि अहेरातल्या परातीत पडला. तो जो आवाज भोंग्यातून निघाला, त्यानं नवरदेवाची घोडी दोरी तोडून पळाली.

"मायकातून तेल गळून राह्यलं!" मामा ओरडले.

एक म्हातारे गृहस्थ उठून हात जोडून म्हणाले, "शनिवार हाय आज." त्याबरोबर चार बायकांनी माईकला हात लावून डोक्याला लावला. मी मारापासून वाचलो तो शनिमहाराजांमुळं, हे मी बौद्ध असूनही प्रांजळपणे सांगतो. नामदेव गाडीमागं बसून इतका हसला की त्याला उचकी लागली आणि ती शिरपुरापर्यंत टिकली.

पण उपाय त्यातूनच सापडला. वायर सरळ आत न्यायचीच नाही. डब्याच्या भिंतीत, बुचाच्या चकत्यांवर, वीज न जाऊ देणारी बेकेलाईटची पाटी, त्या पाटीत पितळेचे भरीव बोल्ट. आतली वायर बोल्टच्या आतल्या टोकाला, बाहेरची बाहेरच्या, आणि बाहेरच्या जोडांवर लाखेचा जाड थर. वीज पितळेतून आरपार जाते, तेल जाऊ शकत नाही. त्यानंतर ते मशीन कधी गळलं नाही.

पुढं बरीच वर्षं ते चाललं. नंतर पंखे बसवलेली नवी मशीनं आली, कॅसेटी आल्या, आणि आमचा डबा एका कोपऱ्यात गेला. एका पावसाळ्यात छत गळून तो गंजला, मी तो भंगारात दिला. ठेवायला हवा होता. नामदेवही आता नाही. पुतणीचं ऐकल्यावर पहिली आठवण त्याची झाली, की त्याला सांगायला पाहिजे, तुझी डीपी पुण्याला गेली. तो म्हणाला असता, "मले माईत होतं."

त्या पुढच्या जयंतीचं मात्र सांगायचं राहिलं.

मामाजींनी कमिटीपुढं विषय ठेवला की या वर्षीही मशीन शिरपूरचंच. कमिटी कुरकुरली. मागच्या वेळचा काशीबाईंचा बसलेला गळा सगळ्यांना आठवत होता. मामाजी म्हणाले, "मशीन बंद पडलं तं मी अध्यक्ष राह्यणार नाई." हे मला त्यांनी सांगितलं नाही, सुमित्राकडून कळलं, तेही मिरवणुकीच्या दिवशी सकाळी. मी म्हटलं, आधी काहून नाई सांगतलं? ती म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं तुमी झोपले नसते."

उन्हं कलायच्या आधीच मिरवणूक निघाली. गाडीला निळे झेंडे, बैलांच्या शिंगांना निळे गोंडे. ते गोंडे नामदेवच्या बायकोनं स्वतः केले होते. पुढं लेझीम, मागं बाया पांढऱ्या लुगड्यात, आणि गाडीत काशीबाई. मी डब्याला टेकून, कान भोंग्याकडं लावून बसलो. काशीबाईंनी माईक हातात घेण्याआधी त्याच्याखाली तळहात धरून पाहिला. धनजची गोष्ट जऊळक्यापर्यंत आलेली होती.

"गळत नाई आता," मी म्हटलं.

"बंद बी पडत नाई ना?"

"नाई."

"पायतो," त्या म्हणाल्या आणि आवाज लावला.

मागच्या वर्षी जिथं मशीन गेलं ती जागा आली. मामाजी गाडीच्या बाजूनं चालत होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जागा मागं पडली. डबा कोमट. आवाज स्वच्छ.

स्टेशनकडच्या वळणावर गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. आम्ही तिथं पोचायला आणि रेल्वेगाडीनं शिट्टी मारायला एकच गाठ पडली. कोळशाचं इंजिन, शिट्टी अशी की मेलेला उठावा. बैल बिथरले. नामदेव कासरा ओढत राहिला, पण चाक हौदाच्या कडेवर चढलं, गाडी तिरपी झाली. काशीबाईंना मी धरलं, नामदेवनं बॅटरीवर पाय रोवला. डब्याला मात्र कोणी धरलं नव्हतं. तो सरकत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत धपकन हौदात पडला. पार तळाशी.

मी डोळे मिटले.

आणि गाणं चालूच.

मी डोळे उघडले. काशीबाई एका हातानं माझा खांदा धरून, तिरप्या गाडीत तिरप्या बसून गात होत्या. भोंगे वाकड्या बांबूवर लटकत गात होते. वायरी गाडीतून हौदात गेल्या होत्या आणि पाण्याखाली, शेवाळाच्या बाजूला, आमचा डबा बसला होता. एकही बुडबुडा वर आला नाही. सुताची वायर, बुचाची चकती, लाख, पितळेचे बोल्ट, सगळे आपापल्या जागी.

लेझीम थांबलं. लोक हौदाभोवती जमा झाले. कोणी पाण्यात बघत होतं, कोणी वर भोंग्याकडं.

"गुरुजी, जावयाचं मशीन पान्यात गात हाय!" कोणीतरी ओरडलं आणि मग जो काही गलका उठला! शिट्ट्या, टाळ्या, निळीच्या मुठी हवेत. लेझीम पुन्हा सुरू झालं ते दुप्पट वेगानं. नामदेव धोतर वर खोचून हौदात उतरला आणि डब्याला लहान लेकरासारखं कवेत घ्यायला वाकला.

"राहू दे," मी म्हटलं.

"काहून?"

"अजून गार राहीन."

नामदेवनं माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि पाण्यातच थयथय नाचायला लागला. हौदातलं पाणी चहूकडं उडालं. गाडी हलवायची तर वायरी ताणल्या गेल्या असत्या, म्हणून आख्खी मिरवणूकच हौदाभोवती थांबली आणि तिथंच रंगली.

आता एक गोष्ट सांगतो, जी साऊंडवाल्याखेरीज कोणाला माहीत नसते. आम्ही प्रत्येक वरातीत असतो, प्रत्येक मिरवणुकीत असतो, आणि कधीच नाचत नाही. सगळं गाव नाचत असतं तेव्हा आमचा एक हात पेटीवर आणि कान भोंग्यात. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा मीच मशीन सांभाळत होतो, सुमित्रा एकटी पुढं बसली होती. त्या दिवशी तिरप्या गाडीतून हौदात वाकून मी पाहिलं, पेटी पाण्याखाली आहे, तिच्यावर हात ठेवता येत नाही, आणि तिला माझी काही गरजही नाही.

मी गाडीतून उडी मारली आणि नाचायला लागलो. मला नाचता येत नव्हतं. हात कुठं, पाय कुठं. बायकांच्या घोळक्यातून सुमित्रा बघत होती आणि मागच्या वेळी एस.टी.त जी खिडकीबाहेर बघत बसली होती, ती आता तोंडाला पदर न लावता हसत होती. मला कोणीतरी निळीनं माखवलं. नामदेवनं पाण्यानं भिजवलं. मी थांबेना.

गर्दीतून मामाजी आले. टोपी सरळ, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वर्गात पोरं दंगा करताना जसे उभे राहायचे तसे समोर उभे राहिले.

"जावईबापू! मशीनपाशी कोन हाय?"

"कोनी नाई, मामाजी!"

त्यांनी हौदात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून घडी घालून खिशात ठेवला, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि उजवा हात वर करून, आयुष्यात पहिल्यांदा, एक पाय उचलला.

काशीबाईंनी ते गाडीतून पाहिलं आणि वरची पट्टी धरली.